सतरा नंबरचा शिक्का

४ फेब्रुवारी

मावशी,

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि ते तू मान्यही करत नाहीस, म्हणून पत्र. शिवाय फोनवर एवढं बोलायला मला देतंय कोण? दोन वाक्यं झाली की बायको लांबून खुणा करायला लागते.

मी ते विमानाचं काम सोडायच्या बेतात आहे. गेल्या तीन वर्षांत हे वाक्य मी किती वेळा म्हटलंय ते बायकोला विचार, पण या वेळी खरंच वीट आलाय. आम्ही माणसं सात आणि मतं आठ, कारण कॅप्टनची एका वेळी दोन असतात. कॅप्टन म्हणजे आमच्या मंडळाचा म्होरक्या. जन्मभर विमा विकला. विमानात बसलाय तो तिकीट काढून, तेही खिडकीच्या जागेवरून भांडत. पण टोपी तशी घालतो, म्हणून कॅप्टन. दर शनिवारी सकाळी आम्ही त्या पत्र्याच्या शेडमध्ये जमतो. पहिला तास चहात जातो, दुसरा तास गेल्या शनिवारी रंधा कुणी बोथट केला यावर. उरलेल्या वेळात काम. त्यातल्या त्यात दातांचा डॉक्टर तेवढा उपयोगाचा. जुना रंग खरवडायला त्याच्यासारखा हात नाही, फक्त तो मधेच थांबून लाकडाला दुखतंय का बघतो.

विमान तुला माहीतच आहे. युद्धातलं, दोन इंजिनांचं, अख्खं लाकडी. धातूचा तुटवडा पडला म्हणून तेव्हा खुर्च्या-कपाटं करणाऱ्या कारखान्यांना विमानं करायला लावली होती. याचे पंख तुमच्याच कारखान्यातले. उजवा पंख पार कुजला होता, तो आम्ही नवा केला. म्हणजे मी केला, बाकीच्यांनी सल्ले दिले. डावा मात्र कोरड्या गोदामात राहिला, त्यामुळे वरून ठणठणीत दिसतो. आता कॅप्टनने जाहीर केलंय की मेच्या तिसऱ्या रविवारी विमान उडणार. सरकारी माणूस येऊन कागद बघणार, पण लाकडाचं लाकूडवाल्याने लिहून द्यायचं. आमच्यातला लाकूडवाला मी. टेबलं करणारा माणूस.

म्हणून काल डाव्या पंखाची खालची झडप उघडून टॉर्च लावला. पंखाच्या आतल्या प्रत्येक लाकडी बरगडीवर जांभळ्या शाईचा गोल शिक्का, आत १७. तो कशाचा असायचा? सरस कुठला वापरायचात? आईला लहानपणी विचारलं की म्हणायची, "मी ऑफिसात होते, मला काय ठाऊक." तू सरस लावायच्या खात्यात होतीस एवढं मला माहीत आहे. आठवेल तेवढं लिही.

तुझा
ठोक्या


१३ फेब्रुवारी

प्रिय ठोक्या,

पत्र मिळालं. तुझं अक्षर अजून तसंच, कोंबडी शाईत पाय बुडवून चालल्यासारखं. मला नीट ऐकू येतं. तुम्ही लोक पुटपुटता.

सरस दुधापासून केलेला असायचा. डब्यातून भुकटी यायची. ती पाण्यात घोटायची, वीस मिनिटं थांबायचं, परत घोटायची. थांबलं नाही तर गुठळ्या. सकाळी कालवलेला दुपारनंतर चालत नाही. दिसायला तसाच दिसतो, पण धरत नाही. हातांना, केसांना नासक्या दुधाचा वास यायचा, बसमध्ये बायका लांब सरकायच्या. सरस लावून पट्टी बसवली की पितळी चुका ठोकायच्या, दोन बोटांच्या अंतरावर एकेक. सांधा काही त्या बारीक खिळ्यांनी धरत नाही. सरस वाळेपर्यंत त्या पट्टीला दाबून ठेवतात, एवढंच त्यांचं काम. मला येतं ते इतकंच.

शिक्क्यांचं काही आठवत नाही. तपासणाऱ्यांचे नंबर असायचे. पुष्कळ जण होते, येत-जात असायचे. ताई ऑफिसातच होती, तुला सांगितलं ते बरोबर आहे.

आता माझं ऐक. एवढं जुनं लाकूड उडवायचं कशाला? संग्रहालयात ठेवा, पुढे दोरी बांधा, लोकांना लांबून बघू दे. जो पंख बरा दिसतोय तो उकरू नये. तुमच्या स्वयंपाकघराचं दार दोन वर्षं खाली घासतंय असं सूनबाई म्हणाली. सुताराच्या घरचं दार. ते आधी कर.

मावशी


२ मार्च

मावशी,

दार केलं. आता तुला आणि बायकोला बोलायला जागा नाही.

पंख उकरला. वरचं प्लायवुड वीतभर रुंद कापून काढलं. चुका सगळ्या जागच्या जागी, शाळेत प्रार्थनेला पोरं उभी करावीत तशा रांगेत. पण त्यांच्याखाली सरस नाही. कुठे डागापुरता, कुठे पीठ होऊन गेलेला, आणि कुठे लाकूड कोरंच्या कोरं. पातळ सुरी एका बाजूने घातली ती दुसऱ्या बाजूने बाहेर आली. मी डॉक्टरला म्हटलं, हा पंख नुसत्या चुकांवर उभा आहे. तो म्हणाला, आपलं मंडळही.

कॅप्टनला बोलावून दाखवलं. वाकून बघितल्यासारखं करून तो म्हणाला, "पन्नास वर्षं टिकलंय की."

"पन्नास वर्षं ते गोदामात झोपलं होतं."

"तू ना, फार खोलात जातोस."

खोलात जायलाच मला ठेवलंय, असं म्हणणार होतो, पण तोवर तो रंगाच्या डब्यांवरून दुसऱ्या कुणाशी भांडायला गेला होता.

विमान उडवणारी बाई त्या दिवशी आली होती. पिकांवर फवारणीचं विमान चालवते, पस्तिशीची असेल, कामापुरतं बोलते. तिने स्वतः सुरी आत-बाहेर करून बघितली आणि विचारलं, "याचं काय करणार?"

मी म्हटलं, "करता येईल ते करू."

"मला तसं नका सांगू. झालं तर झालं सांगा, नाही तर नाही सांगा." मग चिंधीला हात पुसून गेली.

आणि प्रत्येक कोरड्या सांध्याशेजारी तो १७. कोण महाभाग होता देव जाणे. समोर सांध्यात सरस नाही, दिसतंय, तरी ठोकला शिक्का आणि गेला घरी जेवायला. आत बसून उडणारा मेला काय न् जगला काय, याला काय त्याचं. मेला असेल एव्हाना, पण भेटला असता तर त्याला या पंखाखाली उभं करून विचारलं असतं. मला सारखी आईची आठवण येते. शाळेत मी केलेलं स्टूल तिने तीनदा मोडायला लावलं होतं, एक पाय किंचित डुगडुगतो म्हणून. मी रडत होतो. ती म्हणाली, "त्यावर बसणारा तू नाहीस." या सतराला आठ दिवस आईच्या हाताखाली द्यायला हवं होतं.

ठोक्या


७ मार्च

ठोक्या,

ज्याला कधी पाहिलं नाही त्याच्याविषयी असं लिहू नये.

सगळा पंख वाईट निघणार नाही. मुळाकडच्या तीन बरगड्या ठीक असतील. चौथीपासून दहावीपर्यंत बघ. तिथलं सगळं काढ आणि नवं घाल, वरवरची डागडुजी नको. याविषयी मला आता फार लिहू नकोस, रक्तदाब वाढतो.

मावशी


२९ मार्च

मावशी,

तुझा रक्तदाब सांभाळून लिहितो. तू म्हणालीस अगदी तसंच निघालं. तीन ठीक, चौथी ते दहावी बोंब, पुढे परत बरं. एवढ्या लांबून तू बरगडी सांगितलीस. अनुभव म्हणतात तो हा, असं मी शेडमध्ये सगळ्यांना ऐकवलं.

पण सगळं काढून नवं घालायचं तर आठ महिने पाहिजेत, आणि इथे कुणाला दम नाही. आमंत्रणपत्रिका छापून आल्या. बँडवाले ठरले. परवा कॅप्टन घरी येऊन दोन तास बसला, मी बसवलेल्या दाराचं कौतुक करत. त्याच्या म्हणे छातीत दुखतं अधूनमधून, आणि हे विमान उडताना त्याला एकदा बघायचंय. खोटं असेल. खरंही असेल. कुजलेल्या फळ्यांचा नुसता ढीग होता तेव्हा त्या ढिगापाशी तो एकटाच होता, हे मला नाकारता येत नाही.

त्याने तोडगा काढलाय. बारीक भोकं पाडून सुईने सरस आत सोडायचा, आणि त्या रविवारी एकच फेरी मारायची, दहा मिनिटं, फार वर न जाता. सुईने सोडलेला सरस कुठवर पोचला हे कुणालाच बघता येणार नाही, मलाही नाही. पण दहाच मिनिटं आहेत, मावशी. वाद घालून माझा घसा बसलाय. बायको म्हणते मी झोपेतसुद्धा "नाही, नाही" करतो. बारा तारखेच्या शनिवारी सही करून टाकतो आणि मोकळा होतो. त्या वैमानिक बाईला "झालं" म्हणून सांगायचं तेवढं जिवावर आलंय.

कॅप्टनचा निरोप आहे. त्या दिवशी पहिल्या रांगेत तुझी खुर्ची, कारखान्यातल्या हातांचा सत्कार करायचाय. येशील ना?

ठोक्या


४ एप्रिल

ठोक्या,

सही करू नकोस.

पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर तुमच्या कॅप्टनला बसवा. मी येणार नाही.

चौथी बरगडी हा अंदाज नव्हता. चौथी ते दहावी ही माझी जागा होती. त्या चुका मी ठोकल्या आहेत. मी सोळा वर्षांची होते. आणि सतरा नंबर ताईचा होता.

हे तू परत एकदा वाचशील, म्हणून थांबते.

ताई ऑफिसात कधीच नव्हती. ती तपासनीस होती, बावीस वर्षांची, खात्यातली सगळ्यात कडक. एप्रनच्या खिशात सुरी घेऊन फिरायची. माझं काम तिने सगळ्यांदेखत दोनदा परत पाठवलं होतं आणि मी घरी तिच्याशी आठवडाभर अबोला धरला होता.

त्या हिवाळ्यात सरसाची भुकटी यायची थांबली. रेल्वे बंद पडली होती की कुठलं गोदाम जळलं होतं, आम्हाला कोण सांगणार. पंख मात्र थांबायचे नाहीत, दिवसाला दोन बाहेर पडलेच पाहिजेत. मुकादम म्हणाला, पातळ करा. आम्ही पातळ केला. मग म्हणाला, कालचा उरलेला वापरा. तोही वापरला. मग एका दुपारी माझं भांडं कोरडं झालं, मी ते त्याला नेऊन दाखवलं. तो म्हणाला, "चुका आहेत ना? ठोक." मी ठोकल्या. अकरा दिवस तसंच चाललं. सोळा वर्षांची होते असं मी स्वतःला आजवर सांगत आले. पण कोरडं लाकूड सोळाव्या वर्षीही कळतं.

ताईला पहिल्याच दिवशी कळलं. तिने सुरी घातली, माझ्याकडे बघितलं आणि शिक्का खिशात टाकून मुकादमाच्या खोलीत गेली. खोलीला काच होती. मला दोघांचे ओठ हलताना दिसत होते. तो काय म्हणाला ते तिने मला नंतर सांगितलं. पंख नापास केलास तर ज्या मुलीच्या हातचा आहे तिने युद्धकाळात मुद्दाम बिघाड केला असं मी लिहून देईन, असं तो म्हणाला. त्याला तेव्हा तुरुंग होता. ती बाहेर आली, माझ्याकडे न बघता तिने सातही बरगड्यांवर शिक्के मारले. अकरा दिवस मारले. बावीस पंख, ठोक्या. तुमचा त्यातला एक.

मग भुकटी आली आणि सगळं सुरळीत झालं. ते पंख कुठे गेले, कुणी उडवले, त्यांचं काय झालं, आम्हाला कधीच कळलं नाही. पेपरात विमान पडल्याची बातमी आली की ताई ते पान काढून घेऊन आतल्या खोलीत जायची. मी विचारलं नाही आणि ती बोलली नाही. ती जाईपर्यंत आम्ही एकमेकींशी पडद्यांच्या कापडाबद्दल बोललो. तुझं स्टूल तिने मोडायला लावलं तेव्हा मी तिथेच होते. पोराला छळू नकोस गं, असं म्हणायचं माझ्या ओठावर आलं होतं. पण ते म्हणायचं तोंड मला नव्हतं.

तुला सांगणार नाही असं मी तिला वचन दिलं होतं. ते मोडलं. तिला काय उत्तर द्यायचं ते माझं मी बघेन.

तिला शिक्का मारावा लागला कारण तिच्यासमोर मी होते. तुझ्यासमोर कोण आहे? छापलेल्या पत्रिका आणि टोपी घातलेला विमाएजंट. तू थकलास म्हणून ती बाई वर जाणार का?

मावशी


१४ एप्रिल

मावशी,

पत्र शुक्रवारी दुपारी मिळालं. माझं वाचून झाल्यावर बायकोने वाचलं, माझ्यापुढे पाण्याचा पेला ठेवला आणि आत गेली.

मी तुझ्यावर रागावलो आहे, ते आधी लिहितो. महिनाभर मी आईला शिव्या घालत होतो आणि तू रक्तदाबाचं लिहीत होतीस. एक ओळ आधी लिहिता आली असती. रागावलो असलो तरी तू लिहिलंस हे मला कळतं, आणि कशासाठी लिहिलंस तेही.

शनिवारी कॅप्टनने कागद आणि पेन टेबलावर मांडूनच ठेवलं होतं. मी म्हटलं, सही नाही. चौथी ते दहावी सगळं काढायचं. या वर्षात उड्डाण विसर.

तो म्हणाला, "एवढ्या लोकांना बोलावलंय. त्यांना मी काय सांगू?"

"सुतार नाही म्हणाला, असं सांग."

"मग मी दुसरा सुतार आणतो."

वैमानिक बाई दाराशी उभी होती. ती म्हणाली, "मग वैमानिकही दुसरा आणा."

कॅप्टनने एकदा पंखाकडे बघितलं. मग टोपी काढून बाकावर ठेवली आणि घरी गेला. त्याच्यामागून दोघं गेले. आम्ही चौघं उरलो. त्या दिवशी कुणी कुणाशी भांडलं नाही, ते आणखीच वाईट वाटत होतं.

सतरा नंबर कोण ते मी सांगितलं नाही. डॉक्टरने विचारलं तेव्हा एवढंच म्हटलं, एक बाई होत्या, बावीस वर्षांच्या. तो मान खाली घालून खरवडत बसला.

मी आईचा चेहरा आठवतोय, स्टूल मोडायला लावताना. मला इतकी वर्षं वाटायचं ती स्टुलाकडे बघत होती.

आता एक काम आहे. सत्काराचं नाही. नव्या पट्ट्या बसवायच्या आधी नमुन्याचे सांधे करून दाखवावे लागतात. सरस हल्लीचा आहे, दोन डब्यांतलं मिसळून करायचा, तो मी समजावीन. पण पट्टी दाबून चुका सरळ रेषेत ठोकणं आमच्यापैकी कुणाला जमत नाही. डॉक्टरच्या तर चारांत दोन वाकतात. येतेस का? रागावलेल्या भाच्याकडे आठ दिवस राहायची तयारी असेल तर ये.

ठोक्या


६ मे

मावशी,

नीट पोचलीस असं तुझ्या सूनबाईला कळवलंस, मला नाही. असो.

तू गेल्यापासून शेडमध्ये कामाला हात लावण्याआधी सगळे हात धुतात. कॅप्टन परत आलाय, ते तू असतानाच झालं. पण तू त्याला "तोंड मिटून घोटा" म्हणून बसवलंस तेव्हापासून तो रोज येतो आणि खरंच तोंड मिटून घोटतो. इतक्या वर्षांत आम्हाला हे जमलं नव्हतं.

तू केलेले सहा नमुने आठवडाभर वाळू दिले आणि शनिवारी तोडले. तोडायची रीत अशी की तुकडा शिकंज्यात धरून पिळायचा. लाकूड फाटलं तर पास. लाकूड शाबूत राहून सांधाच सुटला तर नापास. पहिले पाच मोडताना लाकडाच्या चिरफळ्या उडाल्या. सहावा सांध्यात सुटला. उघडून बघितलं तर एका कोपऱ्यात सरस पोचलाच नव्हता, अंगठ्याएवढी जागा कोरी होती.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. डॉक्टर म्हणाला, "अहो, सहासष्ट वर्षांच्या आहेत त्या. पाच झाले की चांगले." कॅप्टनने एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हणाला, "नमुनाच तर आहे. या खेपेला असू दे." वैमानिक बाई माझ्या हातातल्या तुकड्याकडे बघत होती.

मी लाल खडू घेतला आणि सहाव्यावर फुली मारली.

हे तुला लिहायला मला तीन दिवस लागले. नियमाप्रमाणे एक सुटला तर सहाही पुन्हा नव्याने करायचे, आणि ज्याने केले त्यानेच करायचे.

ठोक्या


९ मे

ठोक्या,

सहावा करताना तुमचा तो दातांचा डॉक्टर मला त्याच्या गुडघ्याचं सांगत होता आणि मी ऐकत बसले. त्याला काही बोलू नकोस. हात माझा होता.

पत्र आलं तेव्हा मी भाजी निवडत होते. वाचलं, आणि दोन घरं सोडून राहणाऱ्या मास्तरीणबाईंकडून परत एकदा वाचून घेतलं. म्हटलं, तुझ्या अक्षरामुळे माझी वाचण्यात गफलत होत असेल. त्या म्हणाल्या, "अगं, तुला नापास केलंय." मी म्हटलं, हो, माझ्या बहिणीच्या मुलाने केलंय. त्यांना वाटलं मला वाईट वाटलं, म्हणून त्या बराच वेळ बसून राहिल्या.

मंगळवारच्या सकाळच्या बसने येते. सहाही परत करीन. मला पोचायला दहा वाजतील, तोवर माझ्या टेबलावर कुणाला बसू देऊ नकोस.

मावशी